टेटूची रोपं टिश्यू कल्चरने कशी करायची: शेंग तोडण्यापासून रानात लावेपर्यंत

दशमूळारिष्टाची बाटली कधी आणलीच नाही असं घर आपल्याकडे विरळाच, बाळंतिणीला तर ते देतातच. पण त्या दहा मुळांमधली पाच मुळं चांगल्या मोठ्या झाडांची असतात हे फार जणांच्या लक्षात येत नाही. बेल, शिवण, पाडळ, ऐरण आणि टेटू. बेल देवळाजवळ लावतात, शिवण लाकडासाठी लावतात, टेटू मात्र मुद्दाम कोणी लावत नाही, तो बहुतेक जंगलातूनच येतो. आणि औषधाला लागते मुळाची साल, म्हणजे झाड खणल्याशिवाय ती मिळायची नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय त्यामुळे आपल्याकडच्या जंगलात मोठा टेटू दिसणं कमी कमी होत गेलंय. तसं बघितलं तर श्रीलंकेपासून भारत, म्यानमार, थायलंड करत पार दक्षिण चीनपर्यंत या झाडाचा पसारा आहे, थायलंडमध्ये तर कोवळ्या शेंगा भाजी म्हणून खातात, त्यामुळे जगातून तो उद्या नाहीसा होईल असं नाही. पण आपल्या डोंगरावरचा टेटू गेला की तो गेलाच, तिकडून रोप आणून लावलं म्हणून तो इथला होत नाही.

म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे कॉलेजची बॉटनीची लॅब आहे, किंवा केळीची रोपं करणारी छोटी टिश्यू लॅब ओळखीची आहे, किंवा नर्सरी आहे आणि हे शिकून घ्यायची तयारी आहे त्यांच्यासाठी. पायरी पायरीने सांगतो.

आधी हे ठरवा की टिश्यू कल्चर हवंय कशाला

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा छोटासा तुकडा निर्जंतुक बाटलीत, हार्मोन घातलेल्या खाद्यावर वाढवून त्याची अनेक रोपं करणं. टेटूचं ताजं बी छान उगवतं. तुमच्याकडे चांगल्या दहा-पंधरा झाडांच्या भरपूर शेंगा असतील तर सरळ पिशव्या भरा आणि बी टाका, लॅबच्या नादी लागू नका, स्वस्तात काम होईल आणि प्रत्येक रोप वेगळं असेल. टिश्यू कल्चर कामाला येतं ते जेव्हा परिसरात मोजकीच झाडं उरलीत, शेंगा थोड्या धरतात, बी हाताशी कमी आहे आणि त्या थोड्या बियांमधून जास्त रोपं हवीत तेव्हा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती इथेच सांगतो कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. टेटूचं फूल रात्री उमलतं, वास उग्र असतो, आणि परागीभवन वटवाघळं करतात. थायलंडमध्ये यावर अभ्यास झालाय आणि त्यात असं दिसलं की या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग आला तरच शेंग धरते. आता विचार करा, तुम्ही एकाच बियाच्या रोपातून पाचशे रोपं तयार केली आणि ती एका डोंगरावर लावली, तर ती पाचशे झाडं म्हणजे जनुकांच्या हिशोबाने एकच झाड. ती वाढतील, फुलतील, वटवाघळं येऊन जातील आणि शेंगा धरणार नाहीत. पुढची पिढीच नाही. म्हणजे बाहेरून जंगल दिसतंय पण आतून तो वंश तिथेच थांबलाय. म्हणून टेटूच्या टिश्यू कल्चरमध्ये किती रोपं केली यापेक्षा किती वेगवेगळ्या झाडांच्या किती वेगवेगळ्या बियांपासून केली हा आकडा महत्त्वाचा, आणि बाटलीवरचं लेबल हे हार्मोनइतकंच महत्त्वाचं. केळीच्या जी-9 जातीत सगळी रोपं सारखी असणं हाच फायदा असतो, एकदम घड, एकदम काढणी. इथे बरोबर उलटं आहे.

झाड ओळखा, परवानगी घ्या, मग शेंगेला हात लावा

टेटू ओळखायला शेंग पुरेशी आहे, तलवारीसारखी लांब चपटी, हात-दीड हात लांबीची, निष्पर्ण फांद्यांच्या टोकाला लटकत असते आणि लांबूनच कळते. शेंगा नसतील तेव्हा पानं बघा, प्रचंड मोठी, दोन-तीनदा विभागलेली, फांदीच्या टोकाशी गोळा झालेली, आणि झाडाखाली पडलेल्या लांब लांब देठांचा खच. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे बाजारात टेटूच्या नावाखाली महारुखाची साल सर्रास मिसळली जाते, जुन्या ग्रंथांतल्या नावांचा घोळ हेही त्यामागचं एक कारण आहे, आणि सालीवरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. महारुखाचं पान एकदाच विभागलेलं असतं आणि त्याला तलवार येत नाही, लहान पंखवाली फळं येतात. फुलाचा, शेंगेचा आणि पानाचा फोटो काढून जवळच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून खात्री करून घ्या.

परवानगीचं म्हणाल तर झाड वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाकडे लेखी अर्ज करायचा, अभयारण्यात असेल तर नियम आणखी कडक आहेत. खाजगी जमिनीतलं असेल तर मालकाला विचारा, आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली या समित्या आहेत. बऱ्याच गावांत त्या कागदावरच असतात हे खरं, तरी कळवा, त्यामुळे निदान एका झाडाची नोंद तरी होते.

शेंगा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये पिकतात. हिरवी शेंग तोडू नका, तपकिरी होऊन कडा उकलायच्या आधीची घ्या. उकलली की आतलं बी वाऱ्यावर जातं, ते कागदासारख्या पातळ पंखात असतं. एका झाडाच्या सगळ्या शेंगा नेऊ नका, निम्म्याहून जास्त झाडावरच राहू देत. जमतील तितक्या वेगवेगळ्या झाडांकडून एक-दोन शेंगा घ्या, झाडं एकमेकांपासून लांबची असतील तर उत्तम. प्रत्येक झाडाला एक अक्षर द्या, क, ख, ग असं, जीपीएसवर जागा टिपा आणि शेंग कागदी पिशवीत वेगळी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर दमट होऊन बुरशी धरते. बी जुनं होत जाईल तशी उगवण घसरते, तेव्हा शेंगा आणल्या की महिनाभरात काम सुरू करा.

सामान आणि जागा

लॅमिनार एअरफ्लो लागतोच, त्यातून गाळलेली हवा येते आणि त्या हवेतच बाटली उघडायची. शिकायला, हात बसायला काचेची बंद पेटी चालते पण शेकड्याने बाटल्या करायच्या तर लॅमिनार हवाच. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र, नसेल तर मोठा प्रेशर कुकर चालतो, 15 पौंड दाब धरणारा. बाटल्या जॅमच्या काचेच्या घ्या, कुकरच्या तापमानाला टिकणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या झाकणाच्या. वजनाचा काटा मात्र चांगला पाहिजे, मिलिग्रॅम मोजणारा, इथे काटकसर केली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. पीएच मीटर, दोन लांब चिमटे, सर्जिकल ब्लेड, स्पिरिट लॅम्प, आणि एक बंद खोली जिथे तापमान 25 अंशांच्या आसपास राहील आणि टायमरवर 16 तास ट्यूबलाइट किंवा एलईडी चालेल. उजेड 2000 ते 3000 लक्स. एवढं झालं की झालं.

पैसे वाचवायचे तर साखर किराणा दुकानातली पांढरी चालते आणि बाटलीतलं खाद्य घट्ट करणारं अगरसुद्धा फूड ग्रेड चालतं, फक्त दर वेळी एकाच कंपनीचं घ्या कारण घट्टपणा बदलतो. हार्मोन मात्र लॅब ग्रेडचेच.

मीडिया

मीडिया म्हणजे बाटलीतलं रोपाचं खाद्य. एमएस मीडियम, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी 1962 साली तंबाखूसाठी बनवलेलं, आजही बरीचशी कामं त्यावरच चालतात. तयार पावडर मिळते, व्हिटॅमिनसकट असलेली घ्या. एक लिटरसाठी पावडर साधारण 4.4 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, अगर 8 ग्रॅम. पण पाकिटावर जे लिहिलंय ते प्रमाण, कारण काही पावडरींमध्ये साखर किंवा अगर आधीच असतं.

क्रम असा. 800 मिली डिस्टिल्ड पाण्यात पावडर विरघळवा, मग साखर, मग हार्मोन, मग पाणी एक लिटर करा, पीएच 5.8 ला आणा, शेवटी अगर घालून उकळून विरघळवा आणि बाटल्यांत ओता. पीएच फार खाली गेला तर अगर धरत नाही, बाटलीत पातळ रबडी होते, फार वर गेला तर दगड होतो. नंतर 121 अंशांवर, 15 पौंड दाबाला 15 ते 20 मिनिटं. मोठ्या बाटल्या असतील तर वेळ थोडा वाढवा. तयार मीडिया लगेच वापरू नका, तीन-चार दिवस तसाच ठेवून बघा, ज्या बाटलीत काही उगवलं ती आधीच बाजूला निघते आणि तुमचं मोलाचं बी वाचतं.

हार्मोनचे स्टॉक करून फ्रिजमध्ये ठेवायचे. बीए म्हणजे बेन्झिल अॅडेनिन, फुटवे आणणारं हार्मोन, 100 मिलिग्रॅम घ्या, थोड्या थेंब सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवा आणि पाणी घालून 100 मिली करा. म्हणजे 1 मिलीमध्ये 1 मिलिग्रॅम, हिशोब सोप्पा, लिटरला 2 मिलिग्रॅम हवं तर 2 मिली घालायचं. आयबीए (मुळं आणणारं) आणि आयएए हे दुसरे दोन हार्मोन, त्यांचंही तसंच, ते थोड्या अल्कोहोलमध्येही विरघळतात. आयएएला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे तपकिरी बाटलीत ठेवा, आणि जमलं तर ते 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून मीडिया कोमट झाल्यावर, घट्ट व्हायच्या आत घाला. दोन-तीन आठवड्यांनी आयएएचा नवा स्टॉक करा.

बी स्वच्छ करणं

मोठ्या झाडाची फांदी कापून तिच्या पेऱ्यांपासूनही सुरुवात करता येते, पण रानातल्या फांदीच्या सालीत, डोळ्यांत इतकी बुरशी आणि बॅक्टेरिया असतात की बहुतेक बाटल्या खराब होतात, वर कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची रसायनं सुटून मीडिया काळा पडतो. बियापासून सुरुवात करणं हे दोन्हीवर उत्तर आहे. आणि वर जे सांगितलं, विविधतेचं, तेही बियामुळेच साधतं कारण एका शेंगेतलंही प्रत्येक बी वेगळं असतं.

बियाचा पंख कात्रीने पूर्ण काढून टाका, बुरशी त्यातच अडकून बसते. मग भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकलेल्या पाण्यात हलवून नळाखाली अर्धा तास धुवा. नंतर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक 1 ग्रॅम लिटरला, त्यात 20-30 मिनिटं. पुढचं सगळं लॅमिनारमध्ये. लॅमिनारचा यूव्ही लाइट 20 मिनिटं आधी लावून ठेवा आणि काम सुरू करताना बंद करा, चालू यूव्हीत हात घालायचा नाही, डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे. 70 टक्के अल्कोहोलमध्ये बी 30 ते 60 सेकंद, त्याहून जास्त नको. मग सोडियम हायपोक्लोराइट, 4 टक्क्यांचं असेल तर तेवढंच निर्जंतुक पाणी मिसळून, 10 ते 12 मिनिटं, मध्ये मध्ये हलवत. शेवटी निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवायचं, क्लोरीनचा वास जाईपर्यंत.

बऱ्याच लॅबमध्ये यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, काम जोरदार करतं यात वाद नाही. पण ते जहाल विष आहे, पारा गटारात गेला की परत येत नाही, आणि औषधी झाड वाचवायला निघालेल्या माणसाने गावच्या ओढ्यात पारा सोडावा हे मला पटत नाही. टेटूच्या बियाला हायपोक्लोराइट पुरतं. आणखी एक, हायपोक्लोराइटमध्ये अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो, आणि पेटत्या लॅम्पजवळ अल्कोहोलची उघडी वाटी ठेवू नका, लॅबमध्ये आगी अशाच लागतात.

ओलं झालेलं बियाचं पातळ आवरण चिमट्याने अलगद सोडवता आलं तर सोडवा, उगवण लवकर होते. मग अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, म्हणजे पावडर 2.2 ग्रॅम लिटरला, हार्मोन काहीही न घालता, एका बाटलीत एकच बी ठेवा. एकच. दोन ठेवली आणि एक खराब निघालं की दोन्ही गेली. बाटलीवर लिहा, क-1, क-2, ख-1, म्हणजे झाड आणि त्यातलं कितवं बी. हेच नाव शेवटपर्यंत चालणार आहे, रानात लावेपर्यंत. परमनंट मार्करने लिहा आणि वहीतही.

तीन-चार दिवसांत कुठे बुरशी आली ते दिसतं. बुरशी आलेली बाटली लॅमिनारमध्ये किंवा कल्चर रूममध्ये उघडायची नाही, झाकण न काढता तशीच कुकरमध्ये टाकून उकडायची आणि मग धुवायची. बॅक्टेरिया कधी कधी उशिरा दिसतात, बियाभोवती पांढुरकं ढगाळ पाणी. बी साधारण आठ-पंधरा दिवसांत उगवतं.

पेरा कापणं आणि फुटवे

रोप तीन-चार आठवड्यांचं झालं, बीजपत्रं हिरवी पसरली आणि मधून कोवळा शेंडा वर आला की पुढची पायरी. बीजपत्रं जिथे खोडाला जोडलेली असतात तो कोटिलेडनरी नोड, टेटूमध्ये हाच भाग सगळ्यात उत्साहाने फुटतो. त्याच्या खाली अर्धा ते एक सेंटिमीटर खोड ठेवून कापा, वर शेंडा उडवा, बीजपत्रं देठाजवळ छाटा, थोडी थुटकं राहू देत. हा तुकडा सरळ उभा, खालचं टोक मीडियात खोचून ठेवायचा. उलटा खोचला तर फुटत नाही, नवीन मुलं गडबडीत हे करतात म्हणून सांगतोय. कापलेला शेंडा फेकू नका, त्याच्यावरही डोळे असतात, तोही वेगळ्या बाटलीत त्याच नावाने लावा.

मीडिया पूर्ण ताकदीचं एमएस, 30 ग्रॅम साखर, बीए 2 मिलिग्रॅम आणि आयएए 0.5 मिलिग्रॅम लिटरला. टेटूवर जे प्रयोग प्रसिद्ध झालेत त्यातही याच आसपासचं प्रमाण दिसतं. तरी तुमच्या भागातल्या झाडांचा स्वभाव वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्या वेळी बीए शून्य, 1, 2 आणि 3 अशा चार प्रकारच्या दहा-दहा बाटल्या करून बघा, आयएए सगळीकडे तेवढंच ठेवा. महिन्याने फुटवे मोजा, उंची मोजा, आणि नुसते जास्त फुटवे कुठे आले हे न बघता सरळ, हिरवे, दोन-तीन पानांचे निरोगी फुटवे कुठे आले ते बघा. बीए वाढवलं की फुटवे वाढतात पण बुटके, गुच्छासारखे राहतात, आणि असे फुटवे पुढे मुळं धरताना त्रास देतात. कमीत काम होत असेल तर कमीच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

दर चार आठवड्यांनी सबकल्चर. गुच्छ बाहेर काढा, फुटवे सुटे करा, पेऱ्यासकट तुकडे करून नव्या मीडियावर. मूळचा नोड सुद्धा परत नव्या मीडियावर ठेवा, तो पुन्हा फुटतो. बुटक्या फुटव्यांना लांबी आणायला एक फेरी बीए 0.5 वर द्या.

हिशोब असा मांडा. समजा तुमच्याकडे 20 वेगवेगळ्या बियांचे 20 नोड आहेत आणि दर फेरीला तिप्पट होतंय असं धरू. तीन फेऱ्यांत 540 फुटवे. त्यातल्या 70 टक्क्यांना मुळं आली आणि त्यातली 70 टक्के हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना, जगली तर साधारण 265 रोपं. कागदावर अजून तीन फेऱ्या केल्या तर आकडा कुठच्या कुठे जातो, पण तो मोह टाळा. सबकल्चर पाच-सहा फेऱ्यांच्या वर नेलं की रोपांत नको ते बदल शिरायची शक्यता वाढते, शिवाय जी लाइन (म्हणजे एका बियापासून आलेले सगळे फुटवे) जोमाने वाढते तिच्याच बाटल्या रॅकवर वाढत जातात आणि हळू वाढणाऱ्या लाइन मागे पडून संपतात. हे नकळत होतं. त्यासाठी प्रत्येक लाइनला रॅकवर कमाल जागा ठरवून द्या, 20 लाइन असतील तर कोणत्याही एका लाइनचे फुटवे एकूणच्या दहाव्या भागाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, जास्त झाले तर ते सरळ मुळं फुटायला पुढे पाठवा. आकडा कमी झाला तरी चालेल.

मध्ये येणाऱ्या अडचणी दोन-तीनच असतात. तुकड्याभोवती मीडिया तपकिरी-काळं व्हायला लागलं तर वाट बघू नका, तीन-चार दिवसांत नव्या मीडियावर हलवा, लिटरला 100 मिलिग्रॅम अॅस्कॉर्बिक अॅसिड घालून बघा. पानं काचेसारखी पारदर्शक, पाणी भरल्यासारखी, ठिसूळ झाली तर बीए कमी करा, अगर थोडं वाढवा आणि हवा खेळेल अशी झाकणं लावा, तसे फुटवे बाहेर आल्यावर जगत नाहीत. आणि अचानक सगळ्या रॅकवर बुरशी दिसायला लागली तर मीडियाला दोष द्यायच्या आधी लॅमिनारचा फिल्टर, एसीची जाळी आणि काम करणाऱ्याचे हात बघा.

मुळं

फुटवे तीन-चार सेंटिमीटरचे, तीन-चार पानांचे झाले की सुटे करून अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, साखर 20 ग्रॅम, आयबीए 1 मिलिग्रॅम लिटरला. बीए अजिबात नको. खालचं टोक ताज्या ब्लेडने सरळ काप देऊन खोचा. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागतात. टोकाला नुसतीच फुगीर गाठ झाली आणि मुळं त्या गाठीतून आली तर ती बाहेर काढताना तुटतात, तसं होत असेल तर आयबीए निम्मं करा. मुळं फार लांब व्हायची वाट बघू नका, दोन-तीन सेंटिमीटर पुरे, लांब मुळं अगर धुताना मोडतात.

हार्डनिंग, इथे सगळ्यात जास्त जीव ओता

लॅबमध्ये महिनोन् महिने केलेलं काम बहुतेक वेळा इथेच वाया जातं. कारण साधं आहे. बाटलीत शंभर टक्के दमट हवा, साखर आयती, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो आणि पानाची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. असं रोप एकदम बाहेर ठेवलं तर तासाभरात मान टाकतं. टेटूचं पान तर मुळातच मोठं आणि मऊ.

बाटल्या आधी आठवडाभर कल्चर रूमच्या बाहेर, साध्या खोलीत खिडकीच्या उजेडात पण उन्हात नाही अशा ठेवा. शेवटचे दोन-तीन दिवस झाकण सैल करा. मग रोप काढून कोमट पाण्यात मुळांवरचा अगर पूर्ण धुवा, थोडाही राहिला तर त्यातल्या साखरेवर बुरशी चढते. कार्बेन्डाझिमच्या सौम्य पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा आणि धुऊन निथळलेल्या कोकोपीटमध्ये लावा, थोडं परलाइट मिसळलं तर अजून चांगलं. प्रोट्रे मोठ्या कप्प्यांचे घ्या. लेबल प्रत्येक रोपाला, ट्रेला नाही, कारण ट्रे बदलतात आणि तिथेच लाइनची सरमिसळ होते.

ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा बोगदा करा, आत दमटपणा पहिल्या आठवड्यात 85-90 टक्के राहिला पाहिजे, दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा. फवारा हवेला द्यायचा, कोकोपीट चिखल करायचं नाही, ओलं राहिलं की बुंधा सडतो. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी-संध्याकाळी बोगद्याची टोकं उघडा, आधी अर्धा तास, मग तास, मग अर्धा दिवस, चौथ्या आठवड्याला काढून टाका. नवीन पान बाहेर आलं आणि ते जाड, गडद हिरवं निघालं की समजायचं रोपाने जीव धरला, बाटलीतली जुनी पानं गळाली तरी चालतील. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे करू नका, विदर्भात तर नकोच, पावसाळ्यात किंवा नोव्हेंबरच्या सुमाराला ट्रे भरले जातील असा उलट हिशोब करून लॅबचं वेळापत्रक ठरवा.

नंतर माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत समान घेऊन पिशव्या भरा, 50 टक्के शेडनेटखाली ठेवा. पिशवी उंच घ्या, मूळ खाली सरळ जाऊ द्यायचं असतं. दोन-तीन महिन्यांनी शेडनेटच्या बाहेर. जमलं तर काही पानं एखाद्या विद्यापीठात देऊन डीएनए मार्करने मातृरोपाशी ताडून घ्या, रोपं विकायचा विचार असेल तर हे कराच.

रानात लावताना

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. पाणी साचणारी जागा नको, उताराची, निचऱ्याची जमीन टेटूला मानवते. दीड फुटाचा खड्डा, दोन झाडांत चार-पाच मीटर. आणि आता लेबलं कामाला येतात. शेजारशेजारची दोन रोपं एका लाइनची असू नयेत. कागदावर चौकोन आखून आधी घरीच नकाशा भरा, क-1 च्या बाजूला ग-4, त्याच्या बाजूला ख-2 असं, आणि प्रत्येक वाफ्यात निदान सात-आठ वेगवेगळ्या लाइन बसवा. शक्य असेल तर त्याच भागातल्या बियांपासून वाढवलेली साधी रोपंही मधून मधून घाला, माझ्या मते निम्मी तरी तशी असावीत. कोकणातल्या झाडांची रोपं कोकणात, मेळघाटची मेळघाटात, ही सरमिसळ करू नका.

पहिली दोन वर्षं गुरं आणि वणवा हे दोन शत्रू. काटेरी कुंपण किंवा निदान प्रत्येक रोपाला काट्यांचं कडं, आणि दिवाळीनंतर भोवतीचं गवत कापून जाळरेषा. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, वरून पालापाचोळ्याचं आच्छादन. उन्हाळ्यात झाड पानं टाकतं तेव्हा मेलं म्हणून उपटू नका, खोड नखाने खरवडून बघा, आतून हिरवं असेल तर पावसात फुटेल. मेलेल्या रोपाची जागा भरताना नकाशा बघून शेजाऱ्यांपेक्षा वेगळी लाइन लावा आणि नकाशात बदल लिहा. नकाशाची एक प्रत स्वतःकडे, एक जमीनमालकाकडे आणि एक गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत लावून द्या, म्हणजे काही वर्षांनी झाडं फुलायला लागली आणि एखाद्या कोपऱ्यात शेंगा धरत नाहीयेत असं दिसलं तर तिथे कुठली लाइन जास्त झालीय ते लगेच कळेल आणि मध्ये दुसऱ्या लाइनचं रोप लावता येईल.